रॅम काढा, रबराने पुसा : एका तक्त्याची तपासणी

शाळांच्या संगणक कक्षात भिंतीवर एक तक्ता बहुधा असतोच. संगणक अडला तर काय करावे, हे त्यावर पायरीपायरीने लिहिलेले असते. हुपरीतील एका शाळेत लावलेला असा तक्ता आम्ही अलीकडे बारकाईने वाचला. जुन्या लॅपटॉपच्या मेमरीविषयीचा त्यातला भाग चार ओळींचा आहे. लॅपटॉप मंद चालत असेल तर नको असलेल्या फायली काढून मेमरी मोकळी करावी, असे पहिली ओळ सांगते. चालू करताना बीप वाजून पडदा काळाच राहिला तर बॅटरी काढावी, रॅमची पट्टी बाहेर काढून तिची सोनेरी टोके खोडरबराने पुसावीत आणि ती पुन्हा बसवावी, ही दुसरी. तेवढ्याने भागले नाही तर रॅम बदलावी, ही तिसरी. त्यानंतरही अडचण राहिली तर लॅपटॉप निकामी समजावा, ही चौथी.

तक्ता कोणी लिहिला हे गौण आहे. हाच सल्ला थोड्याफार फरकाने संगणक वर्गांच्या टिपणवह्यांत असतो आणि दुरुस्तीच्या दुकानांतही ऐकू येतो. म्हणून ही तपासणी एका शाळेची नाही, एका रूढ समजुतीची आहे. ती करण्यामागे व्यवहारही आहे. विंडोज १० या प्रणालीला मिळणारा नेहमीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. पुढची प्रणाली ज्यांना पेलत नाही असे लॅपटॉप कचेऱ्यांतून आणि घरांतून बाहेर पडतात व त्यांतले काही देणगी म्हणून शाळांत येतात. असे यंत्र शाळेत आणखी पाच वर्षे चालणार की पाच महिन्यांत भंगारात जाणार, हे पुष्कळदा या चार ओळींवर ठरते. शिवाय तक्ता भिंतीवर आहे, म्हणजे मुले तो रोज वाचतात. बिघाडाचा शोध कसा घ्यावा याचा त्यांना मिळणारा तो कदाचित एकमेव लेखी पाठ असतो.

पहिल्या ओळीतला दोष शब्दातच आहे. 'मेमरी' हा एकच शब्द आपण दोन निराळ्या वस्तूंसाठी वापरतो. फोटो आणि फायली ज्यात कायम राहतात ती हार्ड डिस्क एक, आणि चालू काम ज्यात तात्पुरते मांडलेले असते ती रॅम दुसरी. हुपरीच्या मुलांना हा भेद समजावणे खरे तर सोपे आहे, कारण चांदीचे काम तेथे घरोघरी चालते. पैंजण जोडणाऱ्या कारागिरासमोर एक फळी असते. त्या वेळी लागणाऱ्या कड्या, घुंगरू, हत्यारे एवढेच तो तिच्यावर मांडतो. बाकीचा माल कपाटात असतो. रात्री काम उरकले की फळी रिकामी होते, कपाट भरलेलेच राहते. रॅम म्हणजे ती फळी. आता कपाटातली अडगळ काढली म्हणून समोरची फळी रुंद होईल काय?

फळी अपुरी पडली की कारागीर थोडा माल उचलून कपाटात ठेवतो, दुसरा आणतो, पुन्हा पहिला आणायला उठतो. संगणकही नेमके हेच करतो. रॅममध्ये न मावणारा भाग डिस्कवर ठेवायचा आणि लागेल तेव्हा परत आणायचा, ही युक्ती मँचेस्टर विद्यापीठाच्या ॲटलस संगणकात १९६२ सालीच वापरली गेली होती. युक्ती उत्तम, पण तिची किंमत मोठी आहे. रॅममधून एखादी गोष्ट मिळवायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात असे धरू. जुन्या, फिरत्या चकतीच्या डिस्कवरून तीच गोष्ट मिळवायला सुमारे १० मिलिसेकंद लागतात. म्हणजे फरक एक लाख पटींचा. फळीवरची वस्तू उचलायला कारागिराला एक सेकंद लागत असेल, तर कपाटापर्यंतच्या फेरीला त्याला सत्तावीस तासांहून अधिक लागतील! अशा फेऱ्यांतच यंत्राचा सारा वेळ जाऊ लागतो, त्या अवस्थेची मीमांसा पीटर डेनिंग यांनी १९६८ साली केली. जुना लॅपटॉप 'अडकतो' आणि डिस्कचा दिवा सारखा लुकलुकत राहतो, तेव्हा बहुधा हेच चाललेले असते. डिस्क काठोकाठ भरलेली असेल तर फायली काढल्याने थोडा फरक पडतो, हे मान्य. परतीचा माल ठेवायला जागा होते एवढाच त्याचा अर्थ. खरा उपाय एकाच वेळी उघडलेले कार्यक्रम कमी करणे, रॅम वाढवणे, किंवा फिरत्या चकतीच्या जागी घन स्थितीतली डिस्क बसवणे हा आहे. 'मेमरी साफ करणारे' म्हणून जे कार्यक्रम फुकट मिळतात, ते फळीवरचा उपयोगी मालही कपाटात ढकलतात आणि मोकळ्या फळीकडे बोट दाखवतात. त्यांच्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

येथेच आणखी एका तक्रारीचा उलगडा करून टाकू. चार जीबी रॅम बसवली, दाखवतो मात्र सव्वातीन; दुकानदाराने फसवले! बहुतेक वेळा कोणी फसवलेले नसते. ३२ बिटांची प्रणाली २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ एवढेच पत्ते मोजू शकते. त्यांतले काही पत्ते पडदा व इतर भागांसाठी राखून ठेवावे लागतात. उरलेले रॅमच्या वाट्याला येतात. ६४ बिटांची प्रणाली घातली की बऱ्याच यंत्रांत 'हरवलेली' मेमरी सापडते.

आता खोडरबराकडे येऊ. तक्त्यातली सर्वांत लोकप्रिय ओळ हीच, आणि आमचा मुख्य आक्षेपही तिच्यावरच आहे.

उपाय लागू पडतो, हे आम्ही नाकारत नाही. याच शाळेतल्या एका लॅपटॉपने वर्षभरात अनेकदा बीप वाजवून संप केला आणि प्रत्येक वेळी रबराने पुसल्यावर तो सुरू झाला. रबरावरचा विश्वास दर खेपेस वाढत गेला. पण पुसण्यासाठी पट्टी स्लॉटमधून, म्हणजे तिच्या खाचेतून, बाहेर काढावी लागते आणि नंतर पुन्हा आत घालावी लागते. म्हणजे येथे क्रिया एक नाही, तीन आहेत : काढणे, पुसणे, बसवणे. यांतल्या कोणत्या क्रियेने काम झाले? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली की श्रेय कावळ्याला मिळते, तसे येथे रबराला मिळालेले असू शकते. हे ताडून पाहणे अगदी सोपे आहे. पुढच्या वेळी पट्टी काढावी, मुळीच न पुसता तशीच पुन्हा बसवावी आणि लॅपटॉप चालू करावा. त्या शाळेत शिक्षकांनी हे करून पाहिले. लॅपटॉप सुरू झाला. त्यानंतर आणखी दोनदा तो अडला, आणि दोन्ही वेळा रबराविनाच सुरू झाला.

असे का व्हावे? स्लॉटमधील स्प्रिंगची बारीक टोके पट्टीच्या टोकांवर दाब देऊन बसलेली असतात. पट्टी आत जाताना ही टोके एकमेकांवर घासत जातात आणि मधला धुळीचा, तेलकटपणाचा पातळ थर बाजूला सारतात. असे घासले जावे अशीच त्यांची घडण असते. डीडीआर३ प्रकारच्या लॅपटॉप पट्टीला २०४ टोके असतात. एखादे टोक नीट न टेकण्याची शक्यता हजारात एक एवढी अल्प धरली, तरी २०४ पैकी निदान एक तरी न टेकण्याची शक्यता शेकडा १८ येते. (विद्यार्थ्यांनी ०.९९९ चा २०४ वा घात काढून पाहावा.) सगळीच टोके सारख्या महत्त्वाची नसतात, हा हिशेब ठोकळ आहे, तरीही इतकी वर्षे हे सांधे टिकतात याचेच नवल वाटते. शिवाय येथे विद्युतदाब अवघा दीड व्होल्टच्या आसपास असतो. घरातल्या दिव्याच्या बटणात २३० व्होल्टचा दाब आणि लहानशी ठिणगी संपर्कावरचा मळ फोडून काढतात. दीड व्होल्टला ते जमत नाही. त्याला स्वच्छ धातूच लागतो.

मग रबराने पुसून अधिक स्वच्छ झाले तर बिघडले कुठे? हुपरीकरांना 'मुलामा' हा शब्द नवा नाही. पट्टीची टोके सोन्याची नसतात. तांब्यावर निकेलचा थर आणि त्यावर सोन्याचा मुलामा असतो. चांगल्या पट्टीतही तो एका मायक्रोमीटरहून पातळ असतो. आपला केस याच्या कितीतरी पट, सुमारे ७० मायक्रोमीटर जाड. शाईच्या रबरात तर खरखरीत भुकटी मुद्दाम घातलेली असते. असे घासणे दरमहा होऊ लागले की सोने जाते आणि निकेल उघडे पडते. निकेलवर हवेत ऑक्साइडचा थर धरतो, आणि जो सांधा महिन्यातून एकदा रुसत असे तो आठवड्याला रुसू लागतो. त्या लॅपटॉपच्या पट्टीवर तीनचार टोके भिंगाखाली पांढुरकी दिसत होती. रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो तो वेगळाच. नैसर्गिक रबर टिकाऊ करताना त्यात गंधक घालतात, तेही ध्यानात असावे. आणि सांध्याला दोन बाजू असतात. स्लॉटच्या आतल्या टोकांपर्यंत रबर पोचतही नाही.

पुसायचेच झाले तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणारे कापड पुरते. तेही नुसते काढून बसवण्याने काम झाले नाही, तरच. बॅटरी काढण्याची तक्त्यातली सूचना मात्र फार योग्य आहे. तिला दोन शब्द जोडावेत : चार्जरही काढावा, आणि पट्टीला हात लावण्यापूर्वी एखाद्या उघड्या, जमिनीशी जोडलेल्या धातूला स्पर्श करावा. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत अंगावर साचलेल्या स्थितिक विद्युतभाराचा चटका आपल्याला जाणवतो, तो साधारण तीन हजार व्होल्टच्या पुढे. चिपला त्याहून कितीतरी कमी दाब इजा करू शकतो.

तिसरी ओळ म्हणते, रॅम बदला. आमच्या मते ही ओळ सर्वांत खर्चिक आहे, कारण रॅम सदोष आहे हे ठरवण्याआधीच ती निकाल देते. हुपरीत टंच काढल्याशिवाय कोणी चांदी घेत नाही. नुसत्या चकाकीवर व्यवहार होत नाही. मेमरीचाही टंच काढता येतो. ख्रिस ब्रॅडी यांनी १९९४ साली लिहिलेला मेमटेस्ट८६ हा कार्यक्रम आणि त्याच्यापासून निघालेले भाऊबंद विनामूल्य मिळतात. विंडोजमध्येही व्हिस्टापासून असा एक तपासनीस अंगभूत आहे. हे कार्यक्रम मुख्य प्रणाली सुरू होण्याआधी चालवतात, कारण प्रणाली स्वतःच रॅममध्ये बसलेली असते आणि ज्या जागेवर ती बसली आहे ती जागा तपासता येत नाही.

तपासणीची रीत साधी आहे. प्रत्येक जागी ०१०१०१०१ असा नमुना लिहायचा, परत वाचायचा. मग १०१०१०१० लिहायचा, परत वाचायचा. शेजारच्या जागेत लिहिल्याने ही जागा बदलते काय, तेही पाहायचे. दोन जीबीच्या पट्टीत सुमारे १,७१८ कोटी बिट असतात आणि त्यांतला एखादाच बिघडलेला असू शकतो, म्हणून तपासणीला वेळ लागतो. सायंकाळी लावून सकाळी पाहावे हे बरे. दहा मिनिटांत दोष सापडला नाही म्हणून पट्टी निर्दोष ठरत नाही.

बिट बिघडणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण देतो. ३५ ही संख्या आठ बिटांत ००१०००११ अशी लिहितात. डावीकडून दुसरा बिट ० ऐवजी १ झाला की ती ०११०००११ होते, म्हणजे ९९. जेमतेम उत्तीर्ण झालेला विद्यार्थी वर्गात पहिला यावा आणि यंत्राने बीपही वाजवू नये! मोठ्या संगणककेंद्रांतील यंत्रांत अशी चूक ओळखणारे जादा बिट असतात. सामान्य लॅपटॉपमध्ये ते नसतात. बीप वाजवून बंद पडणारी रॅम एका अर्थी प्रामाणिक म्हटली पाहिजे. भीती आहे ती न बोलता आकडे बदलणाऱ्या रॅमची, आणि तिच्याविषयी तक्ता अवाक्षर काढत नाही.

हे बदल मुळात का होतात? आजच्या रॅममधील एक बिट म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि एक सूक्ष्म धारित्र. ही मांडणी आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांची. तिचे पेटंट त्यांना १९६८ साली मिळाले. धारित्रातला भार म्हणजे १, तो नसणे म्हणजे ०. पण हे भांडे गळके आहे. म्हणून सामान्य तापमानाला दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक बिट वाचून पुन्हा लिहावा लागतो. म्हणजे सेकंदाला पंधरा वेळा यंत्र आपलाच पाढा घोकत असते. तापमान वाढले की गळती वाढते; ८५ अंश सेल्सिअसच्या वर हे घोकणे दुप्पट वेगाने करावे लागते. एखादा दुबळा बिट थंड असताना पाठ आणि गरम झाल्यावर नापास होतो, त्याचे कारण हे. जुन्या लॅपटॉपचा पंखा धुळीने भरलेला असतो, तेव्हा तपासणी यंत्र तापल्यावरही करावी.

काही चुका बिटाचा दोष नसतानाही होतात. १९७८ साली इंटेलमधील टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी दाखवून दिले, की चिपच्या सिरॅमिक वेष्टनातील युरेनियम व थोरियमच्या लेशमात्र अंशातून निघणारे अल्फा कणही बिट उलटवतात. त्यामुळे दीर्घकाळ समज असा होता, की मेमरीच्या चुका म्हणजे मुख्यतः असे योगायोगाचे फटके. गूगलच्या यंत्रांवरील मोठ्या अभ्यासाने २००९ साली या समजाला धक्का दिला. तेथे वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत चुका आढळल्या, आणि त्यांत योगायोगापेक्षा कायमच्या दोषांचा वाटा मोठा असावा असे दिसले. आपल्यासाठी याचा अर्थ असा : चूक एकदा आली आणि गेली, तर नोंद करून ठेवावी; त्याच पत्त्यावर पुन्हा आली, तर तो दोष आहे.

तरीसुद्धा 'चूक आली, पट्टी बदला' असे म्हणता येत नाही. तपासनीस दोष दाखवतो, पण तो पट्टीत आहे, स्लॉटमध्ये आहे की मुख्य पटलावर, हे सांगत नाही. ते आपण शोधायचे. लॅपटॉपला दोन पट्ट्या आणि दोन स्लॉट आहेत असे समजा. एका वेळी एकच पट्टी एकाच स्लॉटमध्ये घालून चार वेळा तपासावे. एक पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये नापास होत असेल आणि दुसरी दोन्हींत पास, तर दोष त्या पट्टीचा. एकाच स्लॉटमध्ये दोन्ही पट्ट्या नापास झाल्या, तर दोष स्लॉटचा किंवा त्यामागच्या पटलाचा, आणि नवी रॅम घेणे म्हणजे पैसे पाण्यात. दोन्ही पट्ट्या एकेकट्या पास आणि जोडीने नापास, तर बहुधा त्यांचा वेग किंवा जात जुळत नाही. चारही वेळा नापास झाल्या, तर रॅमकडे पाहणे सोडून पटल, प्रोसेसर आणि वीजपुरवठा यांच्याकडे पाहावे. आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला हा चार घरांचा तक्ता सहज मांडता येतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे पाठ्यपुस्तकातल्या लंबकाच्या प्रयोगात तो शिकलेलाच असतो. संगणक कक्षात येताना ते दाराबाहेर ठेवण्याचे कारण काय?

शाळेतल्या त्या लॅपटॉपच्या दोन्ही पट्ट्या एका स्लॉटमध्ये रात्रभर पास झाल्या. दुसऱ्या स्लॉटमध्ये एकदा पास, एकदा नापास. म्हणजे रुसत होता तो स्लॉट. आता तो रिकामा ठेवला आहे आणि एकाच पट्टीवर लॅपटॉप चालतो. मेमरी अर्धी झाली म्हणून त्यात हलकी लिनक्स प्रणाली घातली आहे. तक्त्याच्या चौथ्या ओळीप्रमाणे तो निकामी ठरला असता. काही लॅपटॉपमध्ये रॅम पटलावरच कायमची जोडलेली असते, तेथे हा मार्ग बंद. पण दोष मोजक्या पत्त्यांपुरता असेल तर तेवढे पत्ते वगळून काम करण्याची सोय काही प्रणालींत असते. जाणकाराकडून ती करून घ्यावी.

एक प्रश्न उरतो. एकाच खोलीतले दोनतीन लॅपटॉप थोड्या काळात असेच रुसू लागले तर? मग खोलीतल्या हवेचा संशय घ्यायला हवा. चांदी सर्वांत चांगली वीजवाहक, तरीही या टोकांवर मुलामा सोन्याचा असतो. याचे उत्तर हुपरीतले लहान मूलही देईल : चांदी काळी पडते. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडशी संयोग होऊन तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरतो. सोन्याला हा रोग नाही. पण लॅपटॉपच्या पटलावरील कित्येक सूक्ष्म रोधकांच्या टोकांत चांदी असते. गंधकयुक्त हवेत ती आतून खाल्ली जाऊन वाट तुटते, आणि लक्षण मात्र मेमरी बिघडल्यासारखे दिसू शकते. संगणककेंद्रांतली हवा यंत्रांना मानवणारी आहे काय, हे पाहण्यासाठी तेथे तांब्याचे व चांदीचे तुकडे टांगून ठेवतात. चांदीवर महिन्याला २० नॅनोमीटरहून कमी थर चढला तर हवा ठीक समजली जाते.

हा प्रयोग करायला हुपरीसारखे दुसरे गाव नसावे. आटणीतून शुद्ध चांदीचा नखाएवढा पत्रा मागून आणावा. रिठ्याच्या पाण्याने धुऊन, पुसून, बोट न लावता दोऱ्याने संगणक कक्षात टांगावा. तसाच दुसरा तुकडा हवाबंद बाटलीत ठेवावा. उघड्या गटाराजवळच्या खिडकीत तिसरा. नॅनोमीटर मोजण्याचे साधन शाळेत नसते, पण आधी पिवळसर, मग तपकिरी, मग निळसर काळा हा रंगांचा क्रम डोळ्यांनाही दिसतो. दर सोमवारी तिन्ही तुकडे शेजारी ठेवून पाहावेत, आणि लॅपटॉप कोणत्या तारखेला अडला हेही त्याच वहीत लिहावे.